महाराष्ट्राच्या रुपयातले किती पैसे परत येतात?

इतवारी_किराणा:
व्हॉट्सॲपवर रोज एक तक्ता फिरून राहिला आहे. महाराष्ट्र दिल्लीला रुपया देतो अन् परत मिळतात मोजके पैसे. बिहारला मात्र दिल्याच्या कितीतरी पट. आमच्या ओळीतल्या दुकानांत यावरून रोज जुंपते. माझं जीएसटी रिटर्न मीच भरतो, त्यात सीजीएसटी अन् एसजीएसटी निम्मं-निम्मं दिसते. मग हे 'परत मिळणं' म्हणजे नेमकं काय? राजकारण नको, हिशेब सांगा.

विदर्भवीर_०९:
हिशेब काय सांगायचा भाऊ. वेगळा विदर्भ करा, सगळं सुटते.

जुना_नाकेदार:
वीरभाऊ, तो धागा वेगळा आहे, तिकडे भेटू.

किराणा भाऊ, मी मनपाच्या जकातीत नोकरी केली, आता निवृत्त आहे. तक्ता अर्धाच खरा आहे. तुमची एसजीएसटी थेट राज्याच्या तिजोरीत जाते. वाटप होते ते केंद्राच्या करांचं: आयकर, कंपनी कर, सीजीएसटी, सीमाशुल्क. त्याचं सूत्र दर पाच वर्षांनी वित्त आयोग सुचवतो. 14व्या वित्त आयोगाने त्यातला राज्यांचा वाटा 32 वरून 42 टक्क्यांवर नेला, 15व्याने 41 केला. त्या 41 टक्क्यांच्या रकमेतून 2021 ते 2026 या काळात महाराष्ट्राला 6.317 टक्के अन् बिहारला 10.058 ठरले होते. गरीब राज्याला झुकतं माप सूत्रातच आहे, त्यात लपवाछपवी काही नाही.

अन् 'महाराष्ट्र देतो' हेही जपून बोलावं. कारखाना आपल्या नागपूरजवळच्या बुटीबोरीत असो की ओडिशात, कंपनीचं मुख्यालय मुंबईत असलं की कर मुंबईच्या खात्यावर दिसतो. हा तक्ता आपण नागपूरकरांनी काऊन नाचवायचा?

खरी गोम उपकर (ठराविक कामासाठीचा जादा कर) अन् अधिभारात (करावरचा जादा कर) आहे. 2000 सालच्या 80व्या घटनादुरुस्तीने हे दोन्ही वाटपाच्या बाहेर ठेवले. 2021 च्या मध्यावर पेट्रोलवर केंद्राचं शुल्क लिटरमागे 32.90 रुपये होतं. त्यात वाटपात येणारं मूळ शुल्क किती? 1.40 रुपये. बाकी सगळं उपकर नाहीतर विशेष शुल्क म्हणून दिल्लीतच राहिलं. 16व्या आयोगाकडे बहुतेक राज्यांनी 50 टक्के मागितले. पण 50 टक्के कशाचे, हे आधी ठरवा ना! उपकर-अधिभाराला मर्यादा घाला, तिच्यावरचं वाटपात आणा. माझ्या मते आधी हे, टक्का नंतर.

इतवारी_किराणा:
आता समजलं. पण काका, जकात गेली तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. त्यात मनपाचं काय झालं?

जुना_नाकेदार:
तुम्ही वाटले, आम्ही नाही खाल्ले.

पारडी नाक्यावर पहाटे भंडारा रोडकडून ट्रकांची रांग लागायची. ड्रायव्हर झोपाळलेल्या डोळ्यांनी बिल्टी पुढे करायचा, आम्ही माल अन् किंमत पाहून पावती फाडायचो. चिरीमिरी चालायची, ट्रक तासन्‌तास अडायचे, ते जाणं बरंच झालं. पण पैसा शहराचा होता, रोज येत होता. 2013 मध्ये जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला. 2015 मध्ये 50 कोटींखालच्या उलाढालीला तोही माफ झाला, अन् जुलै 2017 ला जीएसटीने उरलेलाही नेला. आता राज्य दर महिन्याला भरपाई धाडते, कायद्याने दरवर्षी 8 टक्के वाढ धरून. दिल्लीकडे हात पसरणारं राज्य मनपाला तसंच उभं ठेवते. राज्यालाही दर पाच वर्षांनी स्वतःचा वित्त आयोग नेमायचा असतो, घटनेतच लिहिलं आहे. त्याच्या शिफारशींवर विधानसभेत किती तास चर्चा झालेली ऐकली तुम्ही?

वर्धा_काठ:
चंद्रपूरहून लिहितो. कोळशाच्या रॉयल्टीचा, म्हणजे काढलेल्या खनिजामागे राज्याला द्यायच्या मोबदल्याचा, दर केंद्र ठरवते, 2012 पासून 14 टक्के. जुलै 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने 8 विरुद्ध 1 असा निकाल दिला, की रॉयल्टी म्हणजे कर नव्हे अन् खनिजाच्या जमिनीवर राज्य वेगळा कर लावू शकते. लावला तर पैसा मंत्रालयात. धूळ मात्र आमच्या वाळवणावर.

जुना_नाकेदार:
म्हणूनच म्हणतो, कर लावायच्या कायद्यातच जिल्ह्याचा वाटा लिहून घ्या. तोवर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा, म्हणजे खाणवाल्यांकडून खाणबाधित भागासाठी जमा होणाऱ्या निधीचा, पैसा तरी तुमच्याच जिल्ह्यासाठी असतो. तो खाणीजवळच्या गावांवर खर्च होतो की शहरातल्या चौकांवर, याची यादी माहितीच्या अधिकारात मागा. मिळाली तर इथे टाका.