ऑड्री लॉर्डची 'पॉवर': कविता की आरोपपत्र?

निळावंती

आमच्या कवितावाचनाच्या गटात अमेरिकन कवयित्री ऑड्री लॉर्डची 'पॉवर' ही कविता वाचली आणि निम्म्या मंडळींनी नाकं मुरडली. "ही कविता कुठंय, हे कोर्टातलं भाषण", "बाई आधी काळी, मग लेस्बियन, मग जमलंच तर कवी". मला हे जराही पटलं नाही, म्हणून धागा काढतेय.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एप्रिल १९७३. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात क्लिफर्ड ग्लोव्हर नावाचा १० वर्षांचा काळा मुलगा पहाटे सावत्र वडिलांबरोबर त्यांच्या कामावर निघाला होता. साध्या वेशातल्या एका गोऱ्या पोलिसाने त्याला गोळी घातली. मुलगा मेला. पुढच्या वर्षी खटल्याचा निकाल लागला. ज्यूरीत ११ गोरे पुरुष आणि १ काळी बाई. पोलीस निर्दोष सुटला.

लॉर्डने गाडी चालवताना रेडिओवर निकाल ऐकला. संताप इतका की हातून अपघात होईल असं वाटून गाडी कडेला घेतली आणि वहीत लिहायला लागली. त्यातून ही कविता आली. एड्रिएन रिच या दुसऱ्या अमेरिकन कवयित्रीने घेतलेल्या मुलाखतीत तिने हे सगळं सांगितलंय.

त्या वेळी ती शिकवत होती कुठे? जॉन जे कॉलेजात. तिथे फौजदारी न्यायाचं शिक्षण मिळतं आणि तिच्या वर्गात पोलीस बसायचे. हा मारणारा आपल्याच कॉलेजातला, कदाचित आपण त्याला व्हरांड्यात पाहिलंही असेल, हे तिच्या डोक्यात घोळत होतं. आता यातून तिची 'ओळख' वेगळी काढून कविता तेवढी शिल्लक ठेवायची म्हणजे नेमकं काय करायचं, ते मला कुणीतरी समजावून सांगा.

सातबारा

समजावतो. तुम्ही मुलाखत सांगितलीत पण सोयीची तेवढीच. त्याच मुलाखतीत बाई म्हणते की हे कसलीही कारागिरी न करता बाहेर पडलं आणि आपल्याला ही खरंच कविता आहे असं वाटलं नव्हतं. खुद्द कवयित्रीला शंका आणि आपण आरती ओवाळायची?

दुसरं, ती स्वतःची ओळख कशी करून द्यायची? काळी, लेस्बियन, आई, योद्धा, कवी. कवी शेवटी. इतकी ओळखपत्रं आधीच टेबलावर मांडली की वाचकाची बोलती बंद. एखादी ओळ फसली म्हणायची सोय नाही, लगेच तुम्ही वर्णद्वेष्टे.

आणि 'पॉवर'चा शेवट? एका ८५ वर्षांच्या गोऱ्या म्हातारीवर बलात्कार करून तिला ठार मारल्याची कल्पना. त्या म्हातारीने कुणाचं काय घोडं मारलं होतं? वाचकाला हादरवायला म्हातारी आणून उभी केलीय. यालाच मी भाषणबाजी म्हणतो.

गवती चहा

सातबारा, शेवटाकडे जायच्या आधी कवितेचा मधला भाग वाचलात का? की थेट पंचनाम्याला?

बोलणारी बाई वाळवंटात अडकलीय. गोळीच्या जखमांचं वाळवंट. मेलेलं पोर तिच्या झोपेच्या कडेवरून आपला फुटलेला चेहरा ओढत नेतंय. मैलोन् मैल ओल काय ती एकच, त्या पोराच्या गालाखांद्यातून वाहणारं रक्त. तिचा घसा सुकलाय, ओठ फाटलेत. त्या रक्ताच्या चवीच्या नुसत्या कल्पनेने पोटात ढवळतंय, आणि तरी पांढऱ्या वाळूत ते जिरत असताना तिला त्याचीच तहान लागलीय.

म्हणजे मेलेल्या पोराच्या रक्तावर आपलंही काहीतरी भागतंय, अशी भीती तिने स्वतःबद्दल लिहून ठेवलीय. मोर्च्यात माईक हातात घेऊन हे कोण बोलेल? भाषण करणारा नेहमी बरोबर असतो. इथे बोलणारीचा स्वतःवरच भरवसा नाही.

निळावंती

अगदी हेच! सातबारा, शेवटाचंही तसंच आहे हो. पहिलीच ओळ कविता आणि वक्तृत्व यांतला फरक सांगते: आपल्या मुलांऐवजी स्वतःला मारायची तयारी असणं. शेवटच्या कडव्यात ती म्हणते की हा फरक मला वापरता आला नाही, तर माझ्यातली ताकद नासेल, आणि मग एक दिवस मी एक पोरगा होऊन त्या म्हातारीला मारीन. ती धमकी नाही, स्वतःला दिलेली ताकीद आहे. पुढे लोक काय म्हणतील तेही लिहिलंय: बिचारी, तिने कुणाचं काही वाईट केलं नव्हतं, काय जनावरं आहेत ही. तुमचा आक्षेप तिने आधीच कवितेत घालून ठेवलाय.

आणि "कारागिरी नाही" याचा अर्थ पाटी कोरी असा नव्हे. लहानपणी तिला कुणी काही विचारलं की ती पाठ असलेल्या कवितेतून उत्तर द्यायची. सांगायचं ते कुठल्याच कवितेत सापडेना, तेव्हा स्वतः लिहायला लागली. एवढ्या वर्षांचा हात बसलेला होता, म्हणून रस्त्याकडेला गाडीत हे उतरलं.

घाटमाथा

चालू द्या. आपल्याकडे कवी कमी पडले म्हणून आता न्यूयॉर्कहून आयात? 😀

निळी शाई

घाटमाथा, आयात जुनीच आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ते नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरूनच घेतलं होतं. पँथरवाल्या नामदेव ढसाळांचा कवितासंग्रह 'गोलपिठा'ही त्याच सालचा. तेव्हाही "याला काय कविता म्हणायचं" म्हणणारे होतेच.

सातबारांना मात्र वेगळं सांगायचंय. ओळखपत्रं दाखवून तिला फायदा झाला असं तुम्ही धरून चाललाय. १९७३ चा तिचा संग्रह ब्रॉडसाइड प्रेसने काढला, काळ्या कवींना छापणारी, काळ्या कवीनेच चालवलेली प्रकाशनसंस्था. त्यातून 'लव्ह पोएम' गाळावी लागली. संपादकाला कळेना की कवितेत बोलणारा पुरुष आहे का. ती म्हणाली, नाही, मी बाईवर प्रेम करतेय. कविता बाहेर. काळी म्हणून ज्या घरात जागा मिळाली तिथे लेस्बियन म्हणून एक पान गेलं. गोऱ्या स्त्रीवाद्यांच्या परिषदेत याच्या उलट: १९७९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिने तोंडावर सुनावलं की तुम्हाला काळ्या बायका आठवतात त्या ऐनवेळी. प्रत्येक ठिकाणी एकेक ओळख दाराबाहेर ठेवून ये असं सांगितलं जात असेल, तर सगळ्या एका दमात म्हणण्याला मी मिरवणं म्हणणार नाही.

अवांतर: याच संग्रहाला नॅशनल बुक अवॉर्डचं नामांकन होतं. १९७४ मध्ये बक्षीस मिळालं रिचला, आणि लॉर्ड, लेखिका अॅलिस वॉकर व ती अशा तिघींनी आधीच ठरवल्याप्रमाणे तिने ते सगळ्या स्त्रियांच्या वतीने घेतलं.

सातबारा

'लव्ह पोएम'ची गोष्ट वाईटच. पण अन्याय झाला म्हणून कविता चांगली ठरत नाही, हे तरी मान्य करा.

आता ज्यूरीतल्या त्या बाईकडे या. अकरा गोऱ्या पुरुषांत एकटी. कविता तिला काय देते? गोऱ्या पुरुषांच्या चारशे वर्षांच्या पसंतीच्या निखाऱ्यांवरून तिला फरफटत नेलं आणि तिने हातात आलेली पहिली खरी ताकद सोडून दिली, इथवर ठीक. पुढे? तिने स्वतःच्या गर्भाशयाला सिमेंटचं अस्तर लावून आपल्या मुलांची दफनभूमी केली. त्या खोलीतली सगळ्यात दुबळी व्यक्ती गाठून तिला हे सुनवायचं? गोऱ्या अकरांच्या वाट्याला एवढं काही नाही.

गवती चहा

"तिच्या जागी मी असू शकले असते", असं लॉर्ड त्याच मुलाखतीत म्हणते.

सातबारा

मुलाखतीत! कवितेत नाही. कवितेला मुलाखतीच्या कुबड्या लागत असतील तर माझाच मुद्दा सिद्ध होतो.

निळावंती

बरं, मुलाखत बाजूला ठेवू. फक्त कविता. खटल्यात तो पोलीस बचाव म्हणून काय सांगतो? मला त्याचा आकार दिसला नाही, बाकी काहीच दिसलं नाही, फक्त रंग दिसला. काही ओळींनंतर ज्यूरीतली बाई येते आणि कवितेत तिची उंची दिलीय: ४ फूट १० इंच. त्या अकरांपैकी कुणाची उंची नाही, पोलिसाची नाही. पोलिसाला जे दहा वर्षांच्या पोराचं दिसलं नाही, ते कवयित्री त्या बाईचं बघतेय, तिच्यावर चिडलेली असतानाही. तुम्ही म्हणता ती दुबळी, एकटी. ते तुम्हाला कळलं कुठून? याच कवितेतून.

सातबारा

आकाराचं वाचन चांगलंय, ते घेतो. सिमेंट मला अजूनही जास्तच वाटतं. आता 'पॉवर' ज्यात आहे तो तिचा संग्रह, 'द ब्लॅक युनिकॉर्न', सगळा वाचतो, मग पुढचं भांडण.

घाटमाथा

वाचून झाला की मलाही पाठवा.