कौलं चाळायची कुणी?

भाड्याचं घर गळायला लागलं की दुरुस्तीचा खर्च कुणाचा, हा नेहमीचा वाद. ‘गळती छपराची, म्हणजे खर्च मालकाचाच,’ असं काही जण ठामपणे म्हणतात. मला ते इतकं सरळ वाटत नाही.

आम्ही बेळगावात वडगावला कौलारू घरात भाड्यानं राहिलो. मे संपायच्या आत कौलं चाळून घ्यावी लागतात, म्हणजे उतरवून, फुटकी बदलून पुन्हा नीट बसवावी लागतात; मांजरं वर्षभर सरकवतच असतात. पहिल्या वर्षी मालक म्हणाले, ‘तुम्हीच बघा.’ मी म्हटलं, ‘काका, घर तुमचं.’ या घोळात मृग गेला, आर्द्रा लागल्या आणि ओल भिंतीत उतरून स्वैपाकघरातलं वायरिंग गेलं. मग ठरलं: फुटकी कौलं, वासे, रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) त्यांच्याकडे, चाळणाऱ्याची मजुरी आमची. नळाचा वायसर, तुंबलेली मोरी आमचीच, त्यात वाद कसला!

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ मधलं कलम १०८ बघा. नेहमीच्या वापरातली झीज भाडेकरूच्या माथी येत नाही. मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती आपण कळवूनही त्यानं वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरू ती करून घेऊन खर्च व्याजासह भाड्यातून वळता करू शकतो. मेख ‘बंधनकारक’ या शब्दात आहे, म्हणून करारात काय लिहिलंय ते बघायचं. आपल्याकडे भाडेकराराचा ११ महिन्यांचा बाँड कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत टाइप होऊन येतो आणि आपण मुकाट सही ठोकतो. दुरुस्तीचं कलम आधी कुणाकडून तरी मराठीत समजून घ्या. आणि चावी घेतानाच भिंतींचे फोटो काढा. डिपॉझिट परत मागताना आमच्या कामी तेच आले.