वेसाव्यात सुक्या म्हावऱ्याचा वास: सोसायटीच्या अर्जावर सही करू का?

सोलापूरची_मीनल
दिवाळीनंतर आम्ही मुंबईत वेसाव्याला (वर्सोवा) यारी रोडवर भाड्याने राहायला आलो. मी, नवरा, सहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. घर चौथ्या मजल्यावर आहे. मागच्या खिडकीतून खाडी दिसते आणि कोळीवाड्यात बोंबील वाळत घातलेले बांबूचे मांडवही दिसतात. आमच्या घरात मासे कधी शिजलेले नाहीत. गेले काही दिवस पहाटे इतका उग्र वास येतो की सासूबाईंना मळमळतं. खिडक्या बंद करून बसावं लागतं.

आता किनाऱ्यावर मासे वाळवणं बंद करा, असा अर्ज सोसायटी पालिकेला देणार आहे. ३४ घरांपैकी २६ सह्या झाल्या, उद्या कागद आमच्या दारात येईल. पण कोपऱ्यावर सुक्या माशांची पाटी घेऊन बसणाऱ्या मावशी माझ्या मुलीला रोज हाक मारतात, तिची शाळेची बस चुकली तेव्हा त्यांनीच तिला सांभाळलं. त्यांचं काम बंद पाडणाऱ्या कागदावर सही करायला हात धजत नाही, आणि सासूबाईंचा त्रासही खोटा नाही. इथे राहणाऱ्यांनी सांगा.

सातबंगल्याचा_जुना
१९८१ पासून इथे आहे. मेट्रो २०१४ ला आली, तिच्या आधीपासूनच इमारती कोळीवाड्याच्या अंगावर सरकत होत्या. वास तेव्हाही होता, तक्रार करणारी घरं कमी होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शाह यांनी किनारा साफ करायला घेतला तेव्हा मीही काही रविवार गेलो. वाळूखालून प्लॅस्टिक उपसताना जी दुर्गंधी यायची ती माशांची नव्हती. मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून कासवाची पिल्लं समुद्राकडे गेली. सही करण्याआधी वास कशाचा आहे ते बघा.

मांडवी_गल्लीची_नाखवीण
मीनल, तुला एकेरीच म्हणते, माझी लेक तुझ्याच वयाची असेल.

त्या मांडवाला आम्ही वलांडी म्हणतो. ओल्या बोंबलात जवळजवळ सगळं पाणीच. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडी करायची आणि दोरीवर टाकायची. मीठ लावत नाही. ऊन आणि वारा चांगला असला तर तीन दिवसांत खडखडीत वाळतो, आणि असा वाळलेला बोंबील चौथ्या मजल्यावर सासूबाईंना मळमळवणार नाही. वास कधी सुटतो? अवकाळी पाऊस पडला, दव जास्त आलं, माल भिजला तर. तेव्हा आमचंही नाक फाटतं, कारण नुकसान आमचंच असतं.

तू लिहिलंस पहाटे. आता माझं ऐक. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास. पुनवेला-अवसेला भरती बाराच्या आसपास, म्हणून ओहोटी सकाळी सहाला. पाणी ओसरलं की मालाडच्या खाडीचा गाळ उघडा पडतो, आणि त्या खाडीत शहराचं सांडपाणी येतं. गोंधळ असा की पुनवेला-अवसेला उधाण असतं, पाण्याला ओढ असते, डोलीच्या जाळ्यात म्हावरं जास्त लागतं आणि वलांडीही तेव्हाच भरते. दोन्ही एकाच वेळी, म्हणून बोट आमच्याकडे जातं. तू अष्टमीला भर दुपारी खिडकी उघड. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी मंद असते त्या दिवसांत वलांड्या बहुतेक रिकाम्या असतात.

आमच्या डोलीत आता बोंबलाबरोबर पिशव्या येतात. त्या निवडायला पहिल्यांदा बसले तेव्हा रडू आलं होतं मला. खाडी साफ झाली तर तुमचं घर आणि आमचं जाळं दोन्ही सुटेल. तसा अर्ज करा, आमची गल्ली सही करेल. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पावसात वाळवणही नसतं. त्या दिवसांत घर चालतं ते या सुक्यावर. ते बंद करा म्हणणारा कागद माझ्या सुनेच्या चुलीवर पाणी ओततो.

तळमजला_ब_विंग
माझा अनुभव वेगळा आहे. आमच्या गेटसमोर रस्त्यावरच जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळायला पसरतात. माशा होतात, चालायला जागा राहत नाही. हा त्रासही मांडला पाहिजे. बंदी नको, पण हद्द ठरवा.

मांडवी_गल्लीची_नाखवीण
दादा, हे बरोबर आहे. जवळा रस्त्यावर पसरायला आम्हालाही आवडत नाही, गाडीची धूळ बसते आणि भाव पडतो. जिथे पसरायचो तिथे आता गाड्या उभ्या असतात. तुमच्या गेटचं मी गल्लीच्या बैठकीत घालते, तुम्हीही या.

सोलापूरची_मीनल
तीन आठवड्यांनी लिहिते आहे. सही केली नाही. कॅलेंडर भिंतीवर लावून रोज वेळ, ओहोटी आणि वलांडी लिहून ठेवली. अष्टमीला दुपारी साडेबाराला तोच वास आला, वलांडीवर एकही बोंबील नव्हता. ती वही सोसायटीच्या बैठकीत नेली. सगळ्यांना पटलं नाही, दोघांनी सह्या मागे घेतल्या आणि सेक्रेटरींनी अर्ज थांबवून खाडीच्या सांडपाण्यावर वेगळा मसुदा करायला घेतलाय. तळमजल्याचे काका गल्लीच्या बैठकीला जाऊन आले. सासूबाई पहाटे खिडकी बंदच ठेवतात.

काकू, एक विचारायचं होतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना पावसाळ्यासाठी जवळा घेऊन द्यायचा आहे. कधी घेऊ, आणि चांगला कसा ओळखू?

मांडवी_गल्लीची_नाखवीण
आता नको. आगोटीला, चैत्र-वैशाखात घे, म्हणजे पावसाळाभर टिकेल. मूठभर हातात घेऊन चोळ. वाळू लागली किंवा ओलसर वाटलं तर ठेवून दे. गुलाबीसर आणि कोरडा असला पाहिजे. नेल्यावर पुन्हा एक ऊन दाखवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरायला सांग. मांडवी गल्लीत येऊन मला विचार, मुलीलाही आण.