बाबांसाठी मेंदूच्या व्यायामाचं ॲप घ्यावं का?

प्रश्न (सोलापूर): बाबांचा जन्म यंत्रमागावर गेला. चादरीच्या नक्ष्या अजून तोंडपाठ, पण सकाळची गोळी घेतली का, आठवत नाही. डॉक्टर म्हणाले सौम्य स्मृतिदोष, डिमेन्शिया नाही. ॲपला पैसे घालावेत का? फार काळजी वाटते.

उत्तर १: ताई, आधी बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड आणि कान तपासून घ्या, यांच्या तक्रारींमुळेही विसरायला होऊ शकतं.

उत्तर २: अमेरिकेत ड्यूक आणि कोलंबिया विद्यापीठांनी अशाच १०७ जणांना ७८ आठवडे तपासलं, २०२२ मध्ये निकाल आला. संगणकावर शब्दकोडी सोडवणारे, मेंदूचे खेळ खेळणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. अभ्यास लहान आहे, तरी पैसे भरण्याआधी पेपरातलं कोडं देऊन बघा. शेजारी बसा, अडले की पहिलं अक्षर सांगा.

प्रश्नकर्ती: घरात आम्ही तेलुगू बोलतो, पण पेपर ते मराठीच वाचतात. बसते त्यांच्याजवळ. कानांचं तर लक्षातच आलं नव्हतं, टीव्ही फार मोठा लावतात.