नवा कॉम्प्युटर, एकच गाणं दोनदा : तुमचं काय झालं?

जळगाव : गोलाणी मार्केटमधून नवा पीसी आणला. जुनी ‘गाणी’ फोल्डर टाकली, आयट्यून्सची (गाणी लावायच्या प्रोग्रॅमची) जुनी यादीही उचलून आणली आणि वरून फोल्डर पुन्हा ‘अ‍ॅड’ केली. चार हजारांची आठ हजार झाली, निम्म्यांपुढे उद्गारचिन्ह! यादीत गाणं नसतं, त्याचा पत्ता असतो, हे तेव्हा कळलं. जुना पत्ता ‘डी’ ड्राइव्हचा, गाणी आता ‘सी’वर. तुम्ही कसं निस्तरलं?

भुसावळ : उद्गारचिन्हवाल्या नोंदी उडवून मोकळा झालो, आणि तिथेच फसलो. कोणतं गाणं किती वेळा ऐकलं, कशाला किती स्टार दिले, प्लेलिस्टा, सगळं त्याच नोंदींना चिकटलेलं. उरल्या त्या कोऱ्या करकरीत. तुम्ही उलट करा. नव्या नोंदी यादीतून काढा (विचारेल तेव्हा फाइल ठेवायचीच), आणि फोल्डर जुन्याच पत्त्यावर, ‘डी’वर न्या.

नंदुरबार : मी काहीच केलं नाही. शफलवर तेच गाणं पुन्हा लागलं की घरातून आवाज येतो, “एकच गानं कितला येळा लावतस?”

धुळे : कानबाईच्या (आमच्या खानदेशातला श्रावणातला देवीचा उत्सव) रात्री टेपवर भरलेली आजीची गाणी होती, पाच कॅसेटी. भावाने कॉम्प्युटरवर चढवली ती ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ अशी, प्रत्येक कॅसेटला पुन्हा एकपासून. गायिकेचा रकाना रिकामा. ‘शो डुप्लिकेट आयटम्स’ नाव आणि कलाकार जुळला की जोडी लावतं, मग काय, पाच ‘ट्रॅक ०१’ एकाखाली एक. मी चार पुसले. फाइलसकट. नुसती लांबी पाहिली असती तरी कळलं असतं, एक चार मिनिटांचं, दुसरं सात. रात्री उरलेलं लावलं, तर ज्यात आजी मधेच थांबून खाकरते आणि मागून बांगड्या वाजतात, ते गाणंच नाही. जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचा राहिला होता म्हणून वाचले. आता आधी नावं घालते, मग बाकीचं.

चोपडा : फाइलचा ठसा (आतल्या सगळ्या मजकुरावरून निघणारा आकडा) जुळवणारं सॉफ्टवेअर चालवलं, त्याला निम्म्या जोड्या दिसल्याच नाहीत. एमपीथ्रीत टॅग, म्हणजे गाण्याच्या-गायकाच्या नावाची चिठ्ठी, फाइलच्या आतच असतो. एकीत गायकाचं नाव दुरुस्त केलं की ठसा बदलला. आवाजावरून गाणं ओळखणारं म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हे सॉफ्टवेअर हिंदीला बरं पडलं, माझ्या अहिराणी गाण्यांपुढे गप्प बसलं. शेवटी साइज पाहून हाताने निवडली : १२८ केबीपीएसचं (सेकंदाला किती डेटा, त्याचं माप) गाणं मिनिटाला साधारण १ एमबी, ३२० चं अडीचच्या आसपास. मोठी ठेवली. १२८ वरून फुगवून ३२० केलेलीही असतात म्हणा, ती कानालाच कळतात.

जळगाव : भुसावळकर, ‘डी’ अक्षर पेनड्राइव्हने बळकावलं होतं, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सोडवलं. दोन सोडून सगळी उद्गारचिन्हं गेली. धुळ्याच्या ताई, ते बांगड्यांचं गाणं श्रावणाआधी पाठवाल का? आमच्याकडे यंदा कानबाई आहे.