फाल्गुनातल्या या दिवसांना म्हणायचं काय?

फेब्रुवारीच्या मध्यापासून गुढीपाडव्यापर्यंतच्या दिवसांना रोजच्या बोलण्यात तुमच्याकडे काही नाव आहे का? पहाटे पांघरूण लागतं आणि दुपारी पंखा लागतो, ते हे दिवस. पुण्यात या काळात एकाच दिवसाच्या किमान-कमाल तापमानात अनेकदा १८ ते २० अंशांचा फरक पडतो. पंखा लावून झोपावं तर पहाटे गारठून जाग येते, उठून बंद करावा तर थोड्या वेळात मान घामेजते. मुलं सकाळी स्वेटर घालून शाळेत जातात आणि दुपारी तो दप्तरात कोंबून आणतात. पडसं नेमकं याच दिवसांत घरभर फिरतं.

पुस्तकातलं उत्तर मला ठाऊक आहे: वसंत. पण 'वसंत लागला' असं मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. उन्हाळा लागतो, पावसाळा लागतो, थंडी पडते. बोलीतले ऋतू तीनच आणि तिन्ही नावांची घडण एकच: उन्हाळा (उष्णकाल), हिवाळा (हिमकाल), पावसाळा. वसंताला असं घरचं नाव मिळालंच नाही. हवामान खात्याच्या वर्गवारीतही जानेवारी-फेब्रुवारी हा हिवाळा आणि मार्च ते मे हा मान्सूनपूर्व काळ. मधे तिसरं काही नाही.

पंचांगाकडे वळलं तर गुंता वाढतो. वसंताचे महिने चैत्र आणि वैशाख, त्यांची वैदिक नावं मधु आणि माधव. नावं किती गोड! पण वैशाख म्हटला की मराठी माणसाला आठवतो तो वणवा. आणि वसंतपंचमी येते माघ शुद्ध पंचमीला, म्हणजे ऐन शिशिरात. 'होळी जळाली, थंडी पळाली' म्हणावं तर चांद्र वर्ष आणि अधिक महिना यांमुळे होळीच पुढेमागे सरकते. २०२४ साली ती २४ मार्चला होती, २०२५ साली १३ मार्चला.

शब्द कमी आहेत अशी माझी तक्रार नाही. उलट पालवी, मोहोर, पाचोळा, झळ, वाळवण असे नेमके शब्द भरपूर आहेत, फक्त ते ऋतूचे नाहीत, एकेका वस्तूचे किंवा कामाचे आहेत. मला वाटतं, आपल्या लोकांनी हा काळ ऋतू म्हणून पाहिलाच नाही, त्यात काय उगवतं, काय गळतं आणि काय उरकायचं असतं एवढंच पाहिलं. तुमच्या भागातले शब्द सांगा. अर्थाबरोबर तो शब्द कुठे वापरत नाहीत हेही सांगितलंत तर फार बरं.

प्रतिसाद (देवगड)

आमच्याकडे या दिवसांत दुसरा विषयच नसतो. दोन माणसं भेटली की 'मोहोर कसा आहे?' हाच पहिला प्रश्न.

तुम्ही पालवी आणि मोहोर एका दमात लिहिलेत म्हणून सांगतो. कवितेत पालवी आनंदाची असते, बागेत नसते. ज्या फांदीला मोहोर यायला हवा तिला तांबूस कोवळी पानं फुटली, की 'झाड पालवलं' म्हणतात आणि म्हणणाऱ्याचा चेहरा उतरलेला असतो. त्या फांदीवरचा आंबा लांबला किंवा गेला. 'जुनी पानं आणि नवी पालवी' असं शहरातलं कुणी कौतुकानं बोलू लागलं की आमच्या घरातली वडीलधारी माणसं गप्प होतात, ती यामुळे.

मोहोर आला तरी धाकधूक संपत नाही. तुडतुडे (रस शोषणारे किडे) येतात, भुरी (पांढरी बुरशी) पडते. सर्वांत वाईट मळभ. मळभ म्हणजे पावसाचे ढग नव्हेत, नुसतं आभाळ झाकोळून राहणं. बाकीच्यांना तेवढाच उन्हापासून दिलासा, पण बागायतदार दिवसभर वर बघत राहतो.

फळ धरलं की त्याची मापं बोलण्यात येतात: वाटाणा, गोटी, सुपारी, अंडी. 'अजून सुपारी आहे' म्हणजे फळ सुपारीएवढं झालंय. फवारणीच्या सल्ल्यांतही हेच शब्द छापलेले असतात, त्यामुळे हे फक्त बोलीतले आहेत असं समजू नका. या मापांच्या काळात फळगळ होते आणि झाडाखाली बाळकैऱ्यांचा सडा पडतो. मालकाला तो बघवत नाही, मुलांना मात्र मीठ-तिखटाबरोबर तेवढंच हवं असतं.

पाचोळ्याला आमच्याकडे पातेरा म्हणतात. पातेरा टाकाऊ नाही. भाताच्या रोपांच्या जागेवर शेण, टाहाळ (तोडलेल्या पानांच्या फांद्या) आणि पातेरा पसरून ती भाजतात, ती भाजावळ. मार्चमध्ये सगळ्या वाड्यांवर तो धूर असतो आणि दोरीवरच्या कपड्यांना वास लागतो. त्यावरून शेजारणींची कुरबुर ठरलेली. तरी मुंबईहून आलेल्या माणसाला गाव आल्याचं त्या वासावरूनच कळतं.

प्रतिसाद (ठाणे)

मोहोर या शब्दाबद्दल थोडं. सोन्याची मोहोर आणि आंब्याचा मोहोर हे दोन वेगळे शब्द आहेत. नाण्याची मोहोर फारसीतल्या 'मुह्र' म्हणजे शिक्क्यापासून आली. आंब्याचा मोहोर संस्कृत 'मुकुल' म्हणजे कळी, प्राकृत 'मउल', 'मउर' या वाटेनं आला. हिंदीतला मौर आणि बौर त्याचेच भाऊ. लिंगही वेगळं: ती मोहोर, तो मोहोर. 'सोनेरी मोहोर' या शब्दांवर श्लेष करून लिहिण्याचा मोह होतो, पण व्युत्पत्तीचा आधार त्याला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. ऋतूला बोलीत नाव नाही हे मला पूर्ण मान्य नाही. एक नाव होतं आणि आपण ते सणाला देऊन टाकलं. शिमगा! संस्कृत 'सुग्रीष्मक', प्राकृत 'सुगिम्हअ', कोंकणीत 'शिगमो' आणि मराठीत 'शिमगा'. सुग्रीष्म म्हणजे सुखाचा, सोसवणारा उन्हाळा. ऊन अजून अंगावर येत नाही, थंडी गेलेली आहे, हेच तर तुम्ही वर्णन केलेले दिवस. पुढे त्या सणातली बोंब तेवढी लोकांच्या लक्षात राहिली. 'शिमगा करणे' म्हणजे आरडाओरडा करणे असा अर्थ रूढ झाला आणि ऋतूचा अर्थ मागे पडला. एवढ्या सुंदर शब्दाची ही गत झाल्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मधु-माधव आज इतके का तापतात, त्याचं एक कारण अयनचलन, म्हणजे ताऱ्यांच्या तुलनेत संपातबिंदूचं हळूहळू सरकणं. वसंतसंपात, म्हणजे दिवस-रात्र सारखे होण्याचा क्षण, २०-२१ मार्चला होतो, पण आपली निरयन (ताऱ्यांवरून मोजलेली) मेषसंक्रांत १४ एप्रिलच्या आसपास येते. महिन्यांची नावं ताऱ्यांना बांधलेली आणि ऋतू सूर्याच्या अयनाला, म्हणून शतकानुशतकं हे अंतर वाढत गेलं. शिशिरातल्या फाल्गुनात वसंत दिसतो, यात डोळ्यांची चूक नाही.

प्रतिसाद (वरुड, जि. अमरावती)

आमच्याकडे एकच शब्द: बहार. संत्र्याचे बहार दोन, मृग आणि आंबिया. मृग पावसाळ्याच्या तोंडी फुटतो. आंबिया आंब्याच्या मोहोराच्या सुमारास फुटतो म्हणून आंबिया, इतरत्र त्यालाच आंबे बहार म्हणतात. मोसंबी-डाळिंबवाले हस्त बहारही धरतात. यातलं क्रियापद बघा: बहार 'येतो' असं म्हणतात, पण शेतकरी बहार 'धरतो'. त्यासाठी आधी झाडाचं पाणी बंद करून ताण द्यायचा, पानं मलूल होऊ द्यायची आणि वेळ साधून पाणी सोडायचं. त्याला ताण तोडणं म्हणतात. ताण तोडल्यावर पांढरी फुलं आली की रात्री बागेत उभं राहावं, त्या वासाचं वर्णन मला जमणार नाही.

गंमत अशी की 'बहार' हा फारसी शब्द आणि त्याचा तिथला अर्थच वसंत ऋतू. म्हणजे आम्ही वसंताचं नाव रोज घेतो, पण ऋतूसाठी नाही, फुलण्यासाठी. म्हणूनच पावसाळ्यातल्या फुलण्यालाही मृग बहार म्हणताना कुणी अडखळत नाही. 'झाड बहरलं' हेही त्यातलंच.

आणखी एक, तपन. 'लय तपन हाय' म्हणजे ऊन फार तापलंय. उकाडा हा शब्द आम्ही मुंबईहून आलेल्या पाहुण्यांकडून ऐकतो. बांधावरचा पळस फुलला की तपन सुरू होणार हे ठरलेलं. धुळवडीसाठी ती फुलं उकळून केशरी रंग काढायची पद्धत अजून काही घरांत आहे. पळसाला पानं तीनच, हे सगळ्यांना पाठ असतं. मात्र फुलताना त्याच्यावर पान जवळजवळ नसतंच, हे इकडे येऊनच बघावं लागतं.

प्रतिसाद (सोलापूर)

सुगी. ज्वारी काढायची, हरभरा मळायचा, गहू यायचा. कानडीतही सुग्गी आहेच. शहरात 'सुगीचे दिवस' हे कुठल्याही भरभराटीला म्हणतात, इथे ते महिने आहेत आणि त्यात मळणीच्या भुशानं अंगभर सुटलेली खाज धरलेली असते. वसंत कुणी म्हणत नाही, बरोबर आहे तुमचं.

प्रतिसाद (नेदरलँड्स)

वसंत हा शब्द मी इथे येऊन वापरायला लागले. इथे त्याला खरंच जागा आहे. महिनोन्‌महिने उघडी राहिलेली झाडं मार्च-एप्रिलमध्ये फुटतात. आपल्याकडे पिंपळाची जुनी पानं गळतात तोवर नवी आलेली असतात, पानगळ आणि पालवी यांत मोकळी जागाच उरत नाही. वेगळं नाव पडलं नाही ते कदाचित म्हणूनच.

प्रतिसाद (जळगाव)

सगळे झाडांवरच थांबलात. या दिवसांचं खरं नाव बाईमाणसाला विचारा: वाळवण. होळी झाली की गच्चीवर जुनी धुवट लुगडी अंथरली जातात. पापड, कुरडया, सांडगे, साबुदाण्याच्या पापड्या आणि आमच्या खानदेशात ज्वारीचे बिबडे. हे सगळं चैत्राचं ऊन कडक व्हायच्या आत सुरू करायचं, कारण शिजवणं-लाटणं पहाटेच्या गारव्यातच निभतं.

वाळवण हा शब्द कृतीलाही आहे आणि वस्तूलाही. 'वाळवण घातलंय' आणि 'वाळवण राख' दोन्ही चालतं. राखण्याचं काम मुलांचं, कावळे-चिमण्या हाकत बसायचं. मोबदला म्हणजे कच्ची लाटी. पापडाच्या पिठाची लांब वळकटी तो उंडा, दोऱ्यानं त्याचे कापलेले तुकडे त्या लाट्या. तेलात बुडवलेली कच्ची लाटी आणि कुरडईचा गरम चीक, या दोन गोष्टींसाठी मी अजूनही शेजारच्या गच्चीवर मदतीला जाते. चीक म्हणजे झाडाचा चीक नव्हे, गहू भिजवून-वाटून काढलेलं सत्त्व शिजवलेलं असतं ते.

या दिवसांतला वैताग म्हणजे वावटळ. दुपारी भोवरा उठतो आणि ओल्या कुरडयांवर धूळ बसते, मग ती निघत नाही. आणि उन्हात बसून पाणी कमी पडलं की उन्हाळी लागते. नव्या पिढीला हा शब्द सांगावा लागतो. 'उन्हाळी भाजी'तलं उन्हाळी हे विशेषण, 'उन्हाळी लागणे' म्हणजे लघवीला जळजळ होणे. डॉक्टरांसमोर मुलीला काय सांगावं कळेना, तेव्हा तिला हा शब्द मीच दिला.

मूळ प्रश्नकर्तीकडून

शिमगा आणि बहार, दोन्ही मला नवे होते आणि दोन्ही पटले. वसंत आपल्या बोलीत आहे, फक्त एकदा सणाच्या आत आणि एकदा फुलण्याच्या आत.

तुमच्यामुळे मी 'ऊन' शब्दाकडे नव्यानं बघायला लागले. संस्कृत उष्ण, प्राकृत उण्ह, मराठी ऊन. म्हणूनच ऊन पडतं आणि भातही ऊन ऊन असतो. त्या उन्हाच्या पायऱ्या बोलीत स्पष्ट आहेत: कोवळं ऊन, मग उन्हं चढतात, ऊन तापतं, चटचटतं, आणि शेवटी उन्हं कलतात, उतरतात. फाल्गुनातलं ऊन सकाळी कोवळं असतं आणि अकरालाच चटका देतं, मधली पायरी अगदी आखूड. उकाडा आणि झळ यांतला फरक वरच्या चर्चेत अर्धा आलाच आहे: दमट हवेत घामानं उकडतं तो उकाडा, कोरड्या वाऱ्याबरोबर येते ती झळ. मुंबईच्या बातमीत 'उन्हाच्या झळा' वाचलं की मला खटकतं.

फुटण्याचे शब्दही मी वेगळे करून ठेवते आहे. बी फुटतं तो अंकुर, जमिनीतून किंवा कंदातून वर येतो तो कोंब, छाटलेल्या खोडातून निघतो तो धुमारा, ऊस-ज्वारीला बुडाशी येतो तो फुटवा, आणि फांदीच्या टोकाला येते ती पालवी. 'झाडाला कोंब फुटले' असं हल्ली सर्रास छापलेलं दिसतं, ते मला तरी चुकीचं वाटतं.

एक उरलं. कडुनिंबाला मोहोर म्हणावं का? पाडव्याला पानांबरोबर खातो ती बारीक पांढरी फुलं. आमच्या घरी आई फुलोरा म्हणते, सासूबाई मोहोर म्हणतात.

प्रतिसाद (देवगड)

आमच्यात मोहोर आंब्याला आणि काजूला. कडुनिंबाला फुलोराच म्हणतो. शेवग्याला नुसतं फूल, आणि त्याची भाजी या आठवड्यातच करून घ्या, पुढे शेंगा धरतात.