फिलाडेल्फियात अपक्ष मतदाराने मे महिन्यात करायचं काय?

बिनपक्षी (फिलाडेल्फिया):
१६ मे २०२३, महापौरपदाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार त्या पक्षात नाव नोंदलेल्या मतदारांनी ठरवायची निवडणूक. ऑफिसला जाता जाता मत देऊन टाकू म्हणून केंद्रावर गेलो. टेबलामागच्या आजींनी वहीत नाव शोधलं, पक्षाचा रकाना पाहिला आणि म्हणाल्या, "तुम्हाला फक्त प्रश्न येतील." म्हणजे शहराच्या सनदेतल्या दुरुस्त्यांना हो की नाही, तेवढंच. नागरिकत्व मिळालं तेव्हा मतदार नोंदणीच्या फॉर्मवर मी मुद्दाम कोणताच पक्ष लिहिला नव्हता, त्याचं हे फळ.

आता गंमत बघा. १९५२ नंतर या शहरात रिपब्लिकन महापौर झालेला नाही. डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकली की नोव्हेंबरची अंतिम निवडणूक नुसता उपचार. ती प्रायमरी चेरेल पार्कर साधारण ३३ टक्के मतांवर जिंकल्या. आमच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात दहा लाखांहून जास्त मतदार दोन्ही मोठ्या पक्षांबाहेर आहेत. खर्च मात्र आमच्याही करातून. आम्हाला कुठल्या तरी एका प्रायमरीत मत द्यायची मुभा हवीच.

मंडळवाला (न्यू जर्सी):
गणपती मंडळाची वर्गणी द्यायची नाही, आणि अध्यक्ष कोण ते ठरवायला मात्र पहिल्या रांगेत! अहो, पक्षाचा उमेदवार पक्षाने निवडायचा. तुमच्याकडे १५ दिवस आधी फॉर्म भरला की पक्ष बदलतो, एक पैसा लागत नाही. आमच्या इथे तर अपक्षाला केंद्रावरच पक्ष सांगून मत देता येतं, फक्त नंतर त्या पक्षात नाव लागतं. एवढंही नको असेल तर तक्रार कसली?

बिनपक्षी:
मंडळ स्वतःच्या वर्गणीतून मांडव घालतं. इथे मांडव सोसायटीच्या मेंटेनन्समधून घातलाय, आणि आम्ही गेटबाहेर.

डेन्व्हरकर:
कोलोराडोत २०१६ च्या सार्वमतानंतर अपक्षाला दोन्ही पक्षांच्या मतपत्रिका घरी पोस्टाने येतात. एकच भरून पाठवायची. दोन्ही पाठवल्या तर दोन्ही बाद. पहिल्या वेळी मी दोन्ही भरून बसलो होतो, बायकोने वेळेवर एक काढून घेतली. पक्ष काही बुडाले नाहीत. पण २०२४ ला सगळ्या पक्षांची मिळून एकच प्रायमरी असा प्रस्ताव आला, तेव्हा मीही 'नाही' म्हणालो. तो पडलाच.

खाडीकाठ (कॅलिफोर्निया):
हा उत्साह आम्ही २०१० च्या सार्वमतापासून भोगतोय. एकच प्रायमरी, पहिले दोघे नोव्हेंबरात, पक्ष कुठलाही असो. २०१२ ला प्रतिनिधिगृहाच्या ३१ व्या मतदारसंघात चार डेमोक्रॅट उभे राहिले, मतं फुटली, आणि शेवटी दोन रिपब्लिकनांमधून एक निवडा! त्याच नोव्हेंबरात डेमोक्रॅट ओबामांनी तो मतदारसंघ आरामात जिंकला होता.

आणि 'अपक्ष' म्हणजे कोण हो? गॅलप या जनमत चाचणी संस्थेला ४० टक्क्यांहून जास्त लोक स्वतःला अपक्ष सांगतात. कल कुणीकडे म्हणून विचारलं की खरे कुंपणावरचे दहाएक टक्के उरतात. आमच्या सासूबाईंनी फॉर्मवर 'अमेरिकन इंडिपेंडंट' वर खूण केली, अपक्ष समजून. तो चक्क पक्ष आहे. वंशभेदाचा पुरस्कर्ता जॉर्ज वॉलेस १९६८ साली त्याच पक्षातर्फे अध्यक्षपदासाठी लढला होता! त्यांना अजून सांगितलेलं नाही.

डेन्व्हरकर:
म्हणून अलास्काने नोव्हेंबरात दोनाऐवजी पहिले चार ठेवले, वर मतदाराने त्यांना पसंतीक्रम द्यायचा. २०२४ ला ते रद्द करायचा प्रस्ताव हजाराच्याही आतल्या फरकाने पडला. लोकांना आवडलंय असं छातीठोक म्हणता येणार नाही.

पेठेतला:
तुमचं भांडण वाचून हेवा वाटतो. इथे तिकीट कुणाला, हे पक्षाच्या सभासदालाही कुणी विचारत नाही. एबी फॉर्म शेवटच्या रात्री ज्याच्या हातात पडेल तो उमेदवार. चालू द्या.

मंडळवाला:
सासूबाई मस्त. पण मुद्दा तोच, बाहेरच्यांनी येऊन उमेदवार ठरवला तर पक्ष हवा कशाला?

बिनपक्षी:
तुमचं ऐकलं बरं का. मुदतीत फॉर्म भरून डेमोक्रॅट झालो, २० मे २०२५ ला जिल्हा सरकारी वकिलाच्या प्रायमरीत मत दिलं, जूनमध्ये पुन्हा अपक्ष. दोन फॉर्म, दहा मिनिटं. यात पक्षाचं काय राखलं गेलं, तेवढं सांगा.